जावा-जावांचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पुन्हा निळ्या पडद्यावर अडकला, तशी थोरलीने आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने बटण दाबून तो बंद केला, पुन्हा चालू केला आणि वरच्या रांगेतली ती एक कळ टकटक दाबत राहिली.

सेटिंगचं पान उघडलं. खालून चौथी ओळ, डिस्कचा मोड, म्हणजे कॉम्प्युटरने डिस्कशी बोलायची रीत. नवा होता, तिने जुना केला. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलेलं हे औषध ती आज नवव्या सकाळी देत होती.

भरतकामाच्या खोलीत हा एकच कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात तीन सिस्टीम; चालू करताना यादीतून हवी ती निवडायची. जुनी थोरलीची. भरतकामाचं यंत्र फक्त या सिस्टीमचंच ऐकायचं. ती गेली की यंत्र भंगारात आणि थोरलीच्या वीस वर्षांच्या नक्ष्या पाण्यात. नवी तिच्या धाकट्या जावेची. गिऱ्हाइकांचे निरोप, फोटो ती दुपारी येऊन तिच्यावर बघायची. तिसरी दिराने हौसेने टाकलेली. ती कुठल्याही मोडमध्ये चालू व्हायची, खुद्द दिरासारखीच. पानात पडेल ते मुकाट खाणारी.

नऊ दिवसांपूर्वी धाकटीने कॉम्प्युटरचा डबा उघडून नवी डिस्क बसवली, तेव्हापासून जुनी सिस्टीम रोज सकाळी आडवी. थोरलीने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर धाकटी म्हणणार, ‘जाऊबाई, काढूनच टाकू ना आता ती.’ त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

“जाऊबाई, त्या पानावर काय करताय?”

धाकटी दारात उभी. दुपारी उगवणारी बाई आज नेमकी सकाळीच!

“काही नाही गं. धूळ पुसत होते.”

“सेटिंगमधली?”

चोरी पकडली गेली म्हटल्यावर थोरली उलट तावातावाने बोलायला लागली. “हो, मीच करते मोड जुना. रोज करते. रात्रीत याच्या अंगात काय येतं कोण जाणे, सकाळी बघावं तर पुन्हा नवा!”

धाकटीचा चेहरा आधी पडला. मग ओठाचा एक कोपरा थरथरायला लागला.

“रात्रीत नाही, जाऊबाई. दुपारी. मी करते.”

“तू?”

“माझी सिस्टीम रोज दुपारी निळी पडायची. नव्या डिस्कवर टाकल्यापासून नव्या मोडशिवाय ती उठतच नाही. मला वाटलं, डबा उघडताना मीच काहीतरी मोडून ठेवलंय. तुम्हाला कळलं तर माझी खैर नाही, म्हणून गुपचूप आपलं...”

नऊ दिवस! सकाळी हिने फिरवायचं, दुपारी तिने फिरवायचं आणि दोघींनी आपापल्या जागी त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडायची. आधी थोरली फिसकन हसली. मग धाकटी खुर्चीचा हात धरून खाली फरशीवरच बसली. हसून हसून दोघींची पोटं दुखायला लागली.

“सरका जरा,” डोळे पुसत धाकटी म्हणाली. “आज लवकर आले ती याच्यासाठीच. माझं का अडतंय ते शोधताना काल एके ठिकाणी वाचलं. मोड बदलायच्या आधी जुन्या सिस्टीमला सांगावं लागतं, की बाई गं, पुढच्या वेळेपासून डिस्कशी नव्या रीतीने बोलायचंय. नवी डिस्क बसवताना मी न सांगताच बदलला. मग ती बावचळणार नाहीतर काय!”

“म्हणजे चूक तिची नव्हती.”

“तिची कशी असेल? तिला विचारलं होतं कुणी?”

हे वाक्य थोरलीला फार आवडलं.

जुन्या मोडमध्ये जुनी सिस्टीम उघडली. धाकटीने कुठेतरी खोल आत जाऊन एक आकडा पुसला, त्या जागी शून्य लिहिलं, मग सगळं बंद करून सेटिंगच्या पानावर मोड नवा केला.

“हा शेवटचा बदल,” ती म्हणाली.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. थोरलीने यंत्राच्या डोक्यावर हात ठेवला होता, तापातल्या लेकराच्या ठेवावा तसा. तिचा जीव टांगणीला लागला.

मग ओळखीचा सूर वाजला. जुनी सिस्टीम उघडली, कोपऱ्यात यंत्राचं चित्र हिरवं झालं आणि थोरली चक्क टाळ्या पिटायला लागली. जीव भांड्यात पडल्यावर तिला खरा प्रश्न आठवला.

“पण ती नवी डिस्क आणलीसच कशाला गं? बरं चाललं होतं की सगळं.”

“कुठलं बरं? जुनी डिस्क कण्हत होती, जाऊबाई. यंत्राच्या खडखडाटात तुम्हाला ऐकू यायचं नाही. ती गेली असती म्हणजे? म्हणून नक्ष्यांची नक्कल आधी नव्या डिस्कवर घेतली, आता तुमची सिस्टीमही हलवू. खोटं वाटत असेल तर माझी उघडून बघा.”

थोरलीने ती आजवर कधी उघडली नव्हती. कुणी उघड म्हटलंही नव्हतं. तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि यादीतलं दुसरं नाव निवडलं.

पडद्याच्या मधोमध एक फोल्डर होतं, ‘जाऊबाई’ नावाचं. आत तिच्या नक्ष्या, एकही न गाळता, वर्षांप्रमाणे लावलेल्या. अगदी शिकतानाचं ते पहिलं बदकसुद्धा. चोच भलतीकडेच वळलेली. थोरलीने पडद्यावरच्या त्या चोचीवरून बोट फिरवलं.

“याची चोच सरळ करून देऊ?” धाकटीने विचारलं.

“खबरदार हात लावशील तर!” थोरली म्हणाली आणि बाजूला सरकून तिने धाकटीला बसायला अर्धी खुर्ची मोकळी करून दिली.