फक्त पेशंटसाठी

"पेशंट कुठंय?" दवाखान्याच्या कारकुनाने फाइल उघडत विचारलं.

"घरी," वेल्डरची बायको म्हणाली. "मला शिकवणारी अजून जन्माला यायचीय, म्हणाला. म्हणून मी आले."

"हा वर्ग फक्त पेशंटसाठी असतो, बाई. तुम्हाला आहे का डायबेटीस?"

"मला नवरा आहे. तेवढं पुरे नाही का?"

आतल्या खोलीत वीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि बसायला एक माणूस नव्हता. मधुमेहात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते शिकवणारी नर्स भिंतीवर तक्ता लावून वाट बघत होती. दर आठवड्याला हेच. आणि वर दाराशी नियम! वा रे शहाणे.

"पुढच्या आठवड्यात त्यांनाच पाठवा." कारकुनाने फाइल तिच्याकडे सरकवली.

तिने ती परत त्याच्यापुढे सरकवली. "काम करताना त्याच्या बुटात ठिणगी पडली. मोजा जळला, कातडं जळलं, आणि साखरेनं पाय बधिर, ह्या बाबाला पत्ताच नाही! मोजा धुताना मला भोक दिसलं, म्हणून पाय बघितला. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं. आता रोज त्याचा पाय कोण बघणार? तुम्ही?"

"नियम मी नाही केला," कारकून पुटपुटला.

"मग मोडायला तुमचं काय जातं?"

ती मागे वळली. बाकावर पाचसहा जण औषधांसाठी थांबले होते. कुणाची सून, कुणाची लेक, कुणाचा म्हातारा. "तुमच्या घरी पेशंटला जेवायला कोण घालतं? गोळ्या कोण देतं? तुम्हीच ना? मग चला की आत!"

मग म्हातारा उठला. "साखर बायकोला आहे. स्वयंपाक मी करतो. चालेल?"

"धावेल!"

त्याच्यामागून बाकीचेही उठले. कारकून त्यांच्यामागून दारापर्यंत आला.

नर्स गडबडून उभी राहिली. तिला हसू आवरेना. "आज पाय तपासायला शिकायचंय. पण पेशंटच नाही, तर दाखवू कुणाच्या पायावर?"

"तेच तर सांगत होतो मी," कारकून दारातून म्हणाला.

वेल्डरच्या बायकोने चप्पल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि भेगाळलेला पाय नर्ससमोर टेकवला.

"हा त्याचाच समजा," ती म्हणाली. "आणि एक बोटही सोडू नका."