गोणपाट

बांधकामावरच्या पाण्याचा थेंबन्‌थेंब हिशेबात बसला, तर संशोधक बाईंना डॉक्टरेट मिळणार होती आणि पाठोपाठ कंपनीत गुबगुबीत खुर्ची. पण एका नव्या खांबाभोवतीचं ओलं गोणपाट रोज दुपारपर्यंत खालून सुकायचं. “त्या खांबाला तहान जास्त, मॅडम,” मुकादम हसला. बाईंनी पाळत ठेवली. पाणी मारणाऱ्या मजुरणीची लेक गोणपाट चोखत होती. टँकरचं पाणी फक्त काँक्रीटसाठी होतं. “सापडली गळती!” बाई म्हणाल्या. गोणपाटं उतरली, खांबांना पाणी वाचवणारा पांढराशुभ्र रासायनिक लेप लागला. आठवड्यातच मजुरीण सुकलेल्या गोणपाटात लेकीला गुंडाळून धावत आली. “दूध समजून लेपाच्या बादलीला तोंड लावलं हो हिनं!” “किती प्यायली?” बाईंचा आवाज थरथरला. कुणीतरी मायेनं विचारलं म्हणून आई गहिवरली, “ओंजळभर असेल, ताई.” बाईंनी लिहून घेतलं: पाण्याची गळती शून्य, लेपाची घट, ओंजळभर.