सणाचं पातेलं

माझा भाऊ राटोमिर बेलग्रेडच्या सरकारी टीव्हीवर बातम्या वाचतो. कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा घराण्याच्या संताच्या सणाला, स्लावाला, तो दाराशीही फिरकायचा नाही. नोकरी जाईल म्हणायचा. आता देश, धर्म आणि रक्त यांशिवाय त्याच्या तोंडात दुसरं काही नसतं. यंदा तर साहेब त्या दिवशीच्या बातम्या दुसऱ्यावर सोपवून चक्क कॅमेरावाला घेऊन हजर. स्लावाला कुणाला बोलावत नाहीत आणि आलेल्याला हाकलतही नाहीत, म्हणून आईने मुकाट्याने सणाचा पाव त्याच्यापुढे ठेवला. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, तीही ज्यांना रोज टीव्हीवर शिव्या घालतो त्या कॅथलिक क्रोएटांसारखी, आमच्या उलट बाजूने. तेवढ्यात साडेसात वाजले. बातम्यांची वेळ झाली की सध्या अख्खं शहर खिडकीत येऊन भांडी बडवतं, सरकारचं खोटं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. आई उठली, पातेलं आणि डाव घेऊन खिडकीत गेली. "आई, अगं शूटिंग चाललंय," भाऊ म्हणाला. "चालू दे. माझंही चालूच आहे." दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत आई दिसली, खिडकीत पातेलं बडवताना. खाली अक्षरं होती, 'घरोघरी स्लावाचा जल्लोष', आणि मागे चर्चमधलं गाणं. आई टीव्हीजवळ जाऊन बघत राहिली. "आवाज तेवढा काढून टाकलाय मेल्यानं," ती म्हणाली, सणाचं सगळ्यात मोठं पातेलं माझ्या हातात दिलं आणि खिडकी उघडली.