चव बघायला

नीलमला अजून मूलबाळ नव्हतं. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही रीत तिचे वडील, आबा, काटेकोर पाळायचे. वडगाव रासाईहून एसटीनं यायचे, ओट्यावर टेकायचे आणि कोरड्या घशानं परत जायचे. ते गेले की नीलमला घास गोड लागायचा नाही.

यंदा तिनं दौंडात तऱ्हेतऱ्हेच्या चवींच्या चहापावडरीचं दुकान टाकलं. आज आबा दारात दिसले तशी ती चरकलीच. चहाचं विचारायचीही तिला भीती वाटली.

आबाच म्हणाले, "गिऱ्हाइकाला चव बघायला देतात का हितं?"

"व्हय आबा, पण..."

"मग दे की. रीत घराला असती. दुकानाला कुठली आलीय?"

तिनं वेलदोड्याचा अर्धा कप पुढं केला. आबांनी फुंकून फुंकून संपवला. मग आल्याचा घेतला, मग गवती चहाचा, मग मसाल्याचा.

"कुठली पावडर बांधून देऊ, आबा?"

आबांनी उपरण्यानं मिशी पुसली.

"आज काय ठरंना बघ. उद्या परत यावं लागंल."