माळावरची शेवटची जागा

जागा उरली एक आणि माणसं दोन. तीही नेमकी कोंडू आणि जनी! पंचांनी कपाळाला हात लावला.

मुरबाडचा रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून धसईजवळच्या त्या पाड्यातली खालची घरं उठणार होती. पंचायतीने वरच्या माळावर घरटी एक अशा नव्या जागा आखल्या. सगळ्यांना पुरल्याही असत्या. पण पोरांनी हट्ट धरला आणि एक जागा तालमीला गेली. आता या दोघांपैकी एकाला गाव सोडावं लागणार होतं.

कोंडू विधुर, जनी विधवा. दोघांच्या झोपड्यांमध्ये एक कारवीचा कूड, आणि त्या कुडावरून केस काळे होते तेव्हापासूनचं भांडण. कोंडूच्या भोपळ्याचा वेल दरवर्षी कूड ओलांडून जनीच्या छपरावर चढे. "कुणाचा ह्यो भोपळा? उचला आधी!" जनी ओरडे. "तुझ्या कोंबड्या आवर, मंग बोल!" पलीकडून कोंडू. भोपळा परत नेताना मात्र त्याला कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरात मीठ कधी टिकत नसे. रिकामी वाटी कुडावर येई आणि जनी शिव्या देत ती भरी.

त्याचं नाव तर ती तोंडातूनही काढीत नसे. "त्यो कुडापलीकडचा," एवढंच. वैर तरी किती, बाई! नावाचासुद्धा विटाळ!

देवळापुढे पंचायत बसली. सरपंच बारकू पाटील म्हणाले, "जनीला कुणी नाय. कोंडू, तुझा पुतण्या खर्डीला हाय. तुझं काय म्हणणं?"

कोंडू टोपी हातात घेऊन उठला. "तिला द्या. मी जातो खर्डीला."

"आँ? एवढ्यावर सोडलंस?"

"भांडून भांडून दमलो, पाटील."

लोक हसले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून पंचही खूश झाले.

"जने, आता तू सांग," पाटील म्हणाले. "कोंडू गाव सोडून गेला तर माझी हरकत नाय, असं चारचौघांत नाव घेऊन बोल. उद्या तंटा नको."

जनी उभी राहिली.

"बोल की गो!" शेजारच्या गुणाबाईने तिला कोपर मारलं. "जन्मभर भांडलीस, आताच दातखीळ बसली व्हय?"

जनीने कोंडूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, टोपी चुरगाळत. तिचे डोळे भरून आले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

"कुडावरून आला भोपळा, कुडावरून गेलं मीठ,
कोंडूचं नाव घेते, घर एकच बांधा नीट."