पुन्हा तिथूनच

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या सरावात बाबा माझ्या छातीवर बसायचे, हात पिरगाळायचे आणि म्हणायचे, "आता सुटून दाखव." असह्य झालं की मी मॅटवर दोनदा थाप मारायचो. थाप पडली की लगेच सोडायचं, असा नियम. बाबा दहा मोजून सोडायचे. मग म्हणायचे, "पुन्हा तिथूनच."

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. आखडलेल्या उजव्या हाताचा व्यायाम आता मीच घेतो. "पोरगा बापाचं किती करतो," आई शेजारणीला सांगत असते.

आज हात थोडा वर नेताच त्यांनी डाव्या हाताने गादीवर दोनदा थाप मारली.

"सोडतो की, बाबा," म्हणत मी सावकाश मोजू लागलो. दहा झाल्यावर हात खाली ठेवला, त्यांचे डोळे पुसले आणि तोच हात परत धरला.

"चला. पुन्हा तिथूनच."