सैल खिळा

दिवाकररावांनी तीस वर्षं रायपूरच्या रेल्वे यार्डात उभ्या डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकला होता. खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. रिटायर होऊन लाकडी जहाजाचं मॉडेल करायला घेतलं, तरी ती खोड सुटली नाही. भिजवून वाकवलेली पट्टी सांगाड्यावर चिकटवायची, बारके पितळी खिळे ठोकायचे, मग प्रत्येक खिळ्यावर हलकीशी टक् करून कान द्यायचा.

आज दुपारी शेवटची पट्टी बसली आणि जहाजाचं पोट बंद झालं. खांदे भरून आले होते. शेवटचा खिळा सैल राहिला होता, बद्द वाजला. पहिल्यांदाच ते म्हणाले, "जाऊ दे आता." हातोडी ठेवली.

आतून टक् झालं.

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, नाळेकडच्या पहिल्या खिळ्यामागे. मग जरा थांबून दुसऱ्यामागे.

"जेवाले या न जी!" त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "किती ठोकून राहिले?"

मी कुठं ठोकून राहिलो, असं दिवाकररावांना म्हणायचं होतं. पण त्यांनी कान जहाजाला लावला.

आवाज एकेक खिळा तपासत, मधे थांबून कान देत पुढे येत होता. थांबणं अगदी त्यांच्यासारखं. सैल खिळ्यामागे तो बद्द वाजला. खात्री करून घ्यावी तसा पुन्हा एकदा वाजला.

दिवाकररावांनी त्या खिळ्यावर अंगठा दाबून धरला.

अंगठ्याखाली खिळा हळूच वर सरकला.